सावित्रीने कुऱ्हाड घेतली

सत्यवान रणांगणावर मेला नाही. त्याला साप चावला नाही, कुणा ऋषीचा शाप लागला नाही, राक्षसाने पळवून नेलं नाही. महाभारतात मरणाचे एवढे भव्य प्रकार असताना हा राजपुत्र मेला तो घरासाठी लाकडं फोडताना.

वनपर्वात मार्कंडेय ऋषी ही गोष्ट युधिष्ठिराला सांगतात. त्यातलं सत्यवानाच्या अखेरच्या घटकांचं वर्णन एखाद्या केसपेपरसारखं नेमकं आहे. आधी त्याने टोपलीभर फळं गोळा केली. मग लाकूड फोडायला घेतलं. त्या श्रमाने घाम फुटला, डोक्यात शूळ उठला, अंगाची लाही झाली, हृदयात कळा येऊ लागल्या आणि उभं राहवेना. त्याने बायकोच्या मांडीवर डोकं ठेवून अंग टाकलं. आजचा हृदयरोगतज्ज्ञ हे ऐकून पहिला प्रश्न विचारेल, ‘याआधी कधी असं झालं होतं का?’

यमाचा पाश, चार पावलं मागे चालत सावित्रीने केलेला संवाद, एकामागून एक मिळालेले वर हे सगळं त्यानंतरचं. कीर्तनकार तिथेच रंगतात आणि ते स्वाभाविकही आहे. पण ज्या घरात नवरा किंवा बायको रोज पहाटे पळायला जाते, ज्या घरात दिवाळीआधी कुणीतरी स्टुलावर चढून पंखा पुसतं, तिथे गोष्टीचा यमाआधीचा भाग जास्त कामाचा आहे. आपल्या माणसाला आज काही होईल, ही भीती पोटात घेऊन त्याला रोजच्या कामाला जाऊ द्यायचं की नाही? ती भीती म्हणजे भक्ती, अविश्वास की नुसता मालकीहक्क? धर्मांनी आणि तत्त्वज्ञांनी या प्रश्नाला दिलेली उत्तरं एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत.

सावित्रीची परिस्थिती तशी विलक्षण होती. लग्नाआधीच नारदाने तिच्या वडिलांसमोर, मद्रदेशाच्या अश्वपती राजासमोर सांगून टाकलं होतं की हा मुलगा एका वर्षाने जाणार. तारीख ठरलेली. सगळं वर्ष तिने ही गोष्ट पोटात ठेवली आणि एकेक दिवस मोजला. चार दिवस उरले तेव्हा तीन रात्रींचं व्रत धरलं, उपास केला. चौथ्या दिवशी सत्यवान खांद्यावर कुऱ्हाड टाकून निघाला. आता तिने काय करायला हवं होतं? आजारपणाचं सोंग घेता आलं असतं. ‘आज नको जाऊस’ म्हणता आलं असतं. तिने यातलं काहीच केलं नाही. मीही येते, एवढंच म्हणाली.

गंमत अशी, की लगेच काळजी करायची पाळी सत्यवानावर आली. रानाची वाट अवघड, तू यापूर्वी कधी गेलेली नाहीस, त्यात उपासाने अशक्त झालेली, अशी त्याची कारणं. ती हटली नाही. मग त्याने आपल्यावर बोल येऊ नये म्हणून आईवडिलांची परवानगी काढायला सांगितली. आंधळे सासरे द्युमत्सेन म्हणाले की सून म्हणून आल्यापासून हिने काही मागितल्याचं आठवत नाही, तेव्हा जाऊ दे. वर वाटेत सत्यवानाच्या बाबतीत गाफील न राहण्याची सूचनाही त्यांनी तिलाच दिली. म्हणजे उपाशी कोण, नवखी कोण आणि पहाऱ्याची जबाबदारी कुणाची, हे त्या आश्रमातही आजच्या घरांसारखंच ठरलेलं होतं.

वरांची देवघेव संपून सत्यवान जागा झाला, तेव्हा रात्र पडली होती. त्याला पहिली आठवण झाली आईवडिलांची. आपण दिवसाउजेडी बाहेर पडलो तरी ती दोघं झुरतात, आता त्यांचं काय होत असेल, म्हणून तो रडू लागला. इकडे सावित्रीला मिळालेल्या वराने दृष्टी परत आलेले द्युमत्सेन बायकोला घेऊन आश्रमाआश्रमांतून मुलाला शोधत धावत होते, काट्याकुशांनी दोघांचे पाय रक्ताळले होते. घरी परतायचं तर सत्यवानाच्या अंगात त्राण नव्हतं. सावित्रीने फळांची टोपली झाडाला टांगली, ती उद्या नेता येईल असं सांगितलं. कुऱ्हाड मात्र त्याच्या योगक्षेमासाठी म्हणून स्वतः घेतली. त्याचा हात आपल्या खांद्यावर घेतला, दुसऱ्या हाताने त्याला सावरलं आणि वाट धरली.

ज्येष्ठातल्या व्रतात यातलं किती उरलं? महाराष्ट्रात वटपौर्णिमा पौर्णिमेला, उत्तरेत हेच व्रत अमावास्येला. वडाभोवती सूत गुंडाळलं जातं, उपास होतो, शहरात झाड लांब असेल तर बाजारातून फांदी आणली जाते. उपास राहिला, रानात सोबत जाणं मात्र गळून पडलं. व्रताला नावं ठेवण्याचं कारण नाही. भीतीला एखादा दिवस आणि विधी नेमून दिला की उरलेलं वर्ष थोडं हलकं होतं, ही त्याची सोय मोठी आहे. पण मूळ कथेतली बाई व्रत करून घरी बसली नव्हती, हे विसरायला ही परंपरा जरा जास्तच उतावीळ दिसते.

आता आजचं रान. 29 ऑक्टोबर 2021 रोजी कन्नड अभिनेता पुनीत राजकुमार व्यायामानंतर अस्वस्थ वाटू लागल्याने डॉक्टरांकडे गेला आणि त्याच दिवशी, 46व्या वर्षी, गेला. पुढचे काही दिवस बेंगळुरूच्या रुग्णालयांत हृदयतपासणीसाठी रांगा लागल्या. ऑगस्ट 2022 मध्ये विनोदी कलाकार राजू श्रीवास्तव दिल्लीतल्या एका जिममध्ये ट्रेडमिलवर कोसळला; सप्टेंबरात त्याचा मृत्यू झाला. 2020च्या मुंबई मॅरेथॉनमध्ये एक ज्येष्ठ धावपटू धावताना दगावले. अशी प्रत्येक बातमी आली की त्या आठवड्यात असंख्य घरांत एकच संवाद होतो. ‘उद्यापासून ते पळणं बंद.’ ‘अगं, काही होत नाही.’ दोघंही आपापल्या जागी ठाम असतात आणि पुरावा दोघांकडेही नसतो.

पुरावा आहे, आणि तो मिळाला आहे तो बायकांकडूनच. अमेरिकेत सिएटल भागात डेव्हिड सिस्कोविक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अचानक हृदय बंद पडलेल्या 133 पुरुषांचा अभ्यास केला. या पुरुषांना आधी हृदयविकार असल्याचं माहीत नव्हतं. त्यांचं राहणीमान विचारायचं कुणाला? संशोधक त्यांच्या पत्नींकडे गेले. तुमचा नवरा किती चालायचा, किती पळायचा, बागेत किती राबायचा, त्या क्षणी काय करत होता? 1984 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्याचा निष्कर्ष विचित्र, दुतोंडी वाटावा असा आहे. जोरदार श्रम चालू असताना हृदय बंद पडण्याचा धोका एरवीपेक्षा खरोखरच जास्त. एरवी फारशी हालचाल नसलेल्या पुरुषांत तो 56 पट, नियमित भरपूर व्यायाम करणाऱ्यांत 5 पट. म्हणजे बायकोची भीती निराधार नाही, त्या अर्ध्या तासात धोका वाढतोच. पण चोवीस तासांचा एकूण हिशेब मांडला, तर नियमित जोरदार व्यायाम करणाऱ्यांचा धोका बैठं आयुष्य जगणाऱ्यांच्या 40 टक्केच निघाला.

काळजीची अडचण इथे उघड होते. तिला तो तास दिसतो, आयुष्य दिसत नाही. ट्रेडमिलवरचा घाम दिसतो. सोफ्यावर काढलेली पंधरा वर्षं दिसत नाहीत, कारण सोफ्यावर बसलेला नवरा डोळ्यांसमोर असतो आणि डोळ्यांसमोरचा माणूस सुरक्षित वाटतो.

त्याच 1984च्या जुलैमध्ये जिम फिक्स गेला. अमेरिकेत सामान्य माणसाला पळायला लावण्यात ज्याच्या 1977च्या पुस्तकाचा मोठा वाटा, तोच माणूस व्हरमाँटमध्ये रस्त्यावर पळताना वयाच्या 52व्या वर्षी कोसळला. व्यायामाला नाकं मुरडणाऱ्यांना आयता दाखला मिळाला. तो आजही दिला जातो. त्यासोबत हे सांगितलं जात नाही की फिक्सच्या वडिलांना 35व्या वर्षी हृदयविकाराचा पहिला झटका आला आणि 43व्या वर्षी ते गेले. हेही नाही, की तो स्वतः पळायला लागण्याआधी स्थूल होता आणि दिवसाला दोन पाकिटं सिगारेट ओढायचा. पळण्याने त्याला मारलं की त्या घराण्याच्या मानाने वर्षं वाढवून दिली? एका माणसाच्या बाबतीत हे कधीच सिद्ध होत नाही. ज्या बायकोला घरी एकच नवरा आहे तिला टक्केवारी सांगून उपयोग नसतो, तो याच कारणाने. टक्केवारी समूहाची असते, वैधव्य एकटीचं.

इथे तत्त्वज्ञ पुढे सरसावतात. पहिल्या शतकातला एपिक्टेटस, गुलामगिरीतून सुटलेला स्टोइक पंथाचा शिक्षक, सांगतो की बायकोला किंवा मुलाला जवळ घेताना मनाशी म्हणावं, आपण एका मर्त्य जीवाला कवटाळतो आहोत. म्हणजे ते गेलं तर कोसळायला होणार नाही. उपदेश धारदार आहे. पण संसार मांडून बसलेल्या माणसाने दिलेला नाही. ग्रीक लेखक ल्युशियनने डेमोनॅक्स या तत्त्वज्ञाच्या चरित्रात एक किस्सा दिला आहे. एपिक्टेटसने डेमोनॅक्सला लग्न करून मुलंबाळं होऊ देण्याचा सल्ला दिला, तेव्हा तो म्हणाला, मग तुमचीच एखादी मुलगी द्या! ज्याला मुली नाहीत त्याच्या सल्ल्याला याहून नेमकं उत्तर मिळणं कठीण.

बृहदारण्यक उपनिषदातला याज्ञवल्क्य मात्र दोन बायकांचा दादला. संसार सोडून निघताना कात्यायनी आणि मैत्रेयी यांच्यात मालमत्ता वाटून द्यायचं त्याच्या मनात होतं. मैत्रेयीने धनाऐवजी अमृतत्वाचं ज्ञान मागितलं. तेव्हा त्याने सांगितलेली गोष्ट आजही कुठल्याही जोडप्याला अस्वस्थ करील: नवरा प्रिय असतो तो नवऱ्यासाठी नव्हे, आत्म्यासाठी, बायकोचंही तसंच. वेदान्ती यातून सर्वांत एक असलेल्या आत्म्याकडे जातात आणि तोच अर्थ इथे अभिप्रेत आहे. पण उंबरठ्यावर उभं राहून हे वाक्य ऐकलं, तर ते अगदी साध्या शंकेसारखंही ऐकू येतं. ‘तुझी काळजी वाटते’ असं म्हणणारा माणूस नेमकी कुणाची काळजी करत असतो? त्याच्या गुडघ्याची, की तो पडला तर आपल्या मोडणाऱ्या दिनक्रमाची? प्रामाणिक उत्तर बहुधा ‘दोन्ही’ असं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण किती कुणाचं, हे ओळखण्याची एक खूण आहे. दुसऱ्यासाठी केलेली काळजी साधारणपणे काहीतरी हातात देते: चांगले बूट, रक्तदाबाची तपासणी, अंधारात दिसणारी पट्टी, धरलेलं स्टूल. स्वतःसाठी केलेली काळजी हातातलं काढून घेते.

श्रद्धावंतांचा मार्ग निराळा. देवावर भार टाकला की काळजी उरू नये, असं अनेक धर्म कुठे ना कुठे म्हणतात. पर्वतावरच्या प्रवचनात येशू उद्याची चिंता करू नका म्हणतो. गीतेच्या नवव्या अध्यायात कृष्ण अनन्य भक्तांचा योगक्षेम स्वतः वाहण्याची हमी देतो. 1956 साली स्थापन झालेल्या आयुर्विमा महामंडळाने तेच वचन बोधवाक्य म्हणून घेतलं. फरक एवढाच, की तिथे वेळेवर हप्ता भरावा लागतो. ही थट्टा वाटेल, पण श्रद्धा आणि तरतूद एकत्र नांदू शकतात हेच त्यातून दिसतं. एका हदीसमध्ये हाच प्रश्न सरळ विचारलेला आहे: उंट बांधून अल्लाहवर विश्वास ठेवू की मोकळा सोडून? पैगंबरांचं उत्तर, आधी बांध, मग विश्वास ठेव. देहूच्या परंपरेत तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर विठ्ठलात रमलेले असताना त्यांची बायको जिजाई भाकरी घेऊन डोंगर चढते आणि वाटेत तिच्या पायात काटा मोडतो. योगक्षेम देव वाहतो, पण भाकरी कुणीतरी चढवावी लागते आणि ती चढवणारीच्या पायांची काळजी कथेतसुद्धा उशिरा सुचते.

पायांवरूनच पुढचा मुद्दा. संसारातला धोका म्हटलं की नजर जिमकडे, मॅरेथॉनकडे, ट्रेककडे जाते. घरकामाकडे जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे 6,84,000 माणसं पडून मरतात. अपघाती मृत्यूंच्या कारणांत रस्त्यांवरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो. त्यासाठी कड्यावरून कोसळावं लागत नाही. ओली मोरी, डुगडुगणारं स्टूल, माळ्यावरचा डबा काढताना निसटलेला पाय, खिडकीबाहेरच्या दांडीवर चादर वाळत घालताना गेलेला तोल एवढं पुरतं. बंद न्हाणीघरातल्या गॅस गिझरमधून कार्बन मोनॉक्साइड साठला तर त्याला रंग नसतो, वास नसतो. आत गेलेलं माणूस हाकेला ओ देत नाही तेव्हाच कळतं. ही कामं बहुतेक घरांत बाईच्या वाट्याची आणि म्हणूनच ती ‘धोकादायक’ या शब्दात बसत नाहीत. नवऱ्याच्या पहाटेच्या पळण्यावर घरात चर्चा होते. बायको वर्षानुवर्षं ज्या स्टुलावर चढते त्याचा चौथा पाय कधी बसवायचा, यावर होत नाही.

नवऱ्याची काळजी पुष्कळदा हुकूम होऊन येते. ‘अंधार पडल्यावर फिरायला जाऊ नकोस’, ‘एकटीने सायकल नको’, ‘या वयात पोहायला शिकायचं काय नडलंय?’ बायकोची काळजी उपास होऊन येते किंवा टुमणं होऊन. पहिलीला जपणूक म्हणतात, दुसरीला कटकट. हुकुमाने बाई घरात बसते, तिची हाडं ठिसूळ होतात, तोल सांभाळण्याची सवय जाते आणि पुढे ती मोरीतच पडते. सिएटलच्या बायकांनी दिलेल्या उत्तरांतून जे निघालं ते इथेही थोड्या फरकाने लागू आहे. तास वाचवायला जावं तर आयुष्य आखडतं. सत्यवानाला रान बंद केलं असतं तरी मरण आश्रमात येणारच होतं, ही कथेतली खात्री. आपल्याला तशी खात्री कुणी नारद देत नाही. म्हणून आपण मनाई करतो आणि सायंकाळी सगळे घरी दिसले की मनाई फळाला आली असं समजतो.

मग सोबत जाणं म्हणजे आज काय? रोज पहाटे नवऱ्यामागे पळणं नव्हे. तसं करणारी जोडपी आहेत, पण सगळ्यांना ते जमणार नाही आणि प्रत्येकाला आपल्या वाट्याचा एकांत हवाच असतो. रुग्णालयाबाहेर हृदय बंद पडण्याच्या घटनांपैकी बहुसंख्य घरातच घडतात. त्या क्षणी जवळ असतो तो बहुधा जोडीदारच. मेंदूला हाताशी मिनिटं मोजकी असतात, रुग्णवाहिकेला वाटेत सिग्नल लागतात. छातीच्या मध्यावर दोन्ही हात ठेवून मिनिटाला 100 ते 120 वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल दाब देणं हे कौशल्य एका दुपारी शिकता येतं. वडाला सूत गुंडाळणाऱ्या हातांना ते जमणार नाही असं काही नाही, आणि ज्यांच्यासाठी सूत गुंडाळलं जातं त्या हातांनीही ते शिकायला हरकत नसावी. मूळ कथेत यमाशी बोलणं एकट्या सावित्रीला करावं लागलं. सत्यवान त्या वेळी बेशुद्ध होता, हे कारण ग्राह्य आहे. बाकीच्यांना ते सांगता येत नाही.

सावित्रीच्या वागण्यातली एक गोष्ट मात्र खटकते. तिने वर्षभर नवऱ्याला काहीच सांगितलं नाही. मरण त्याचं आणि माहिती मात्र तिच्या माहेरी. प्रेमापोटी रिपोर्ट लपवणारी कुटुंबं आजही याच वाटेने जातात: त्याला कशाला सांगायचं, उगीच खचेल. सत्यवानाला कळलं असतं तर त्याने कदाचित ते वर्ष निराळं घालवलं असतं. कदाचित लाकडंच फोडली असती. तो निर्णय त्याच्या हाती आलाच नाही.

याच्या नेमकी उलट वागलेली बाई पालीतल्या अंगुत्तर निकायात भेटते. भग्ग देशातल्या सुंसुमारगिरीला राहणारा नकुलपिता हा गृहस्थ अत्यवस्थ होता. बायको, नकुलमाता, उशाशी बसली आणि रडली नाही, नवसही बोलली नाही. काळजी करत मरू नका, असं तिने स्वच्छ सांगितलं. काळजीने मरण दुःखद होतं. मग त्याच्या मनात कोणकोणत्या काळज्या असतील याचा अंदाज बांधून तिने एकेक निकाली काढली. तुमच्यामागे मुलांचं, घराचं कसं होईल? दुसऱ्याचं घर धरीन का? बुद्धाच्या दर्शनाला जाईन का? शील पाळीन का? मन शांत राहील का? धम्मावरची श्रद्धा टिकेल का? अशा सहा काळज्या, सहा उत्तरं आणि कुणाला शंका असेल तर भगवान इथेच जवळच्या वनात आहेत, त्यांनाच विचारा, असंही वर.

सुत्तानुसार हे ऐकता ऐकताच नकुलपित्याचं दुखणं उतरलं. बरा झाल्यावर तो काठी टेकत बुद्धाकडे गेला आणि बुद्धाने त्याला सांगितलं की अशी हितचिंतक, उपदेश करणारी बायको मिळाली हे त्याचं भाग्य. भाष्यकारांचा रोख साहजिकच शेवटच्या उत्तराकडे, धम्माकडे असतो. पण नकुलमातेने लावलेला क्रम पाहण्यासारखा आहे. धम्म सहावा. मन शांत असणं पाचवं. मरणाच्या दारातल्या नवऱ्याला तिने सगळ्यात आधी सांगितलं ते हे, की तिला कापूस कातता येतो, लोकर विंचरता येते आणि तेवढ्यावर ती मुलांना पोसून घर चालवील.